जनकाबाईनं फवारा अडवला

वारंगा फाट्यावरून आत सात किलोमीटर गेलं की सावळगव्हाण लागतं. गावाच्या अलीकडंच, हळदीच्या शेताला लागून, जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीपर्यंतचे वर्ग, बासष्ट लेकरं, दोन शिक्षक, आणि मागच्या पत्र्याच्या शेडात खिचडी शिजवणारी जनकाबाई.

अकरा वर्षं ती हे काम करत होती. पहिल्या वर्षी गावातल्या चार-पाच घरची लेकरं घरून डबा आणायची. का आणतात हे कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण बौद्धवाड्यातून आलेल्या बाईला ते वेगळं सांगावं लागत नाही. जनकाबाई कुणाशी भांडली नाही. रोज बराबर साडेबाराला पातेल्याचं झाकण काढायची, तांदूळ मात्र सगळ्या लेकरांच्या हिशोबानंच टाकायची. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "ती पाच जेवत नाहीत, मग त्यांचं काहून शिजवता?" ती म्हणाली, "उद्या जेवायला बसली तर कमी नको पडायला." दुसऱ्या वर्षी डबे बंद झाले.

बाई अशी होती. आवाज चढवायची नाही, पण जागची हलायचीही नाही.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर शाळेत एका आठवड्यात दोन प्रकार घडले. मोडक्या बाकांच्या ढिगाखाली विंचू निघाला. आणि दोन दिवसांनी दुसरीतल्या जाईला मुलींच्या संडासाच्या चौकटीवरच्या गांधीलमाश्यांनी फोडलं. पोरीचं तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात. सरला मॅडमनी, म्हणजे आताच्या मुख्याध्यापिकांनी, तिला दुसऱ्या गुरुजींच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून कळमनुरीला नेलं. पोर चार-पाच दिवसांत बरी झाली, पण गाव पेटलं. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष देविदास याचं गावातच खता-औषधांचं दुकान होतं. त्यानं मॅडमना फोन केला, "माझ्याकडून फुकट फवारून देतो. इच्चू-माश्या एका दिवसात साफ." मॅडम दमलेल्या होत्या. "बघू," म्हणाल्या. देविदासनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

मंगळवारी बाराच्या सुमाराला तो फाटकाशी आला. मागं पाठीवर पंप अडकवलेला संतोष. संतोष मजुरीनं फवारायची कामं करायचा. पायात चप्पल, तोंडाला रुमाल, हात उघडेच. चार-सहा आयाही जमल्या होत्या, त्यात जाईची आई शिला सगळ्यात पुढं.

शेडात खिचडीला उकळी आली होती. जनकाबाईला वाऱ्यावर फवाऱ्याच्या औषधाचा वास आला. पंपाचं झाकण घट्ट नसलं की येतो तो. तिनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पातेल्यावर झाकण दाबलं आणि पदराला हात पुसत फाटकाकडं गेली. कडी आतून घातली.

"फाटक उघड," देविदास म्हणाला.

"काय हाय पंपात?"

"औषध हाय. दुसरं काय राहील?"

"कोणतं औषध?"

"तुला काय करायचं? तू खिचडी शिजव."

"तेच करून राहिले, देविदासभाऊ. उघड्यावर शिजून राहिली ती. अन् वारं तुमच्याकडून तिकडंच हाय."

शिला पुढं सरसावली. रात्ररात्र पोरीजवळ बसून तिचे डोळे लाल झाले होते. "माझ्या पोरीला माश्यांनी फोडलं तवा कुठं होतीस तू? आता औषध मारायलेत तर आडवी येतीस?"

हे जनकाबाईला लागलं. कारण जाईला उचलून तोंडावर गार पाणी मारणारी तीच होती. पण तिनं ते काढलं नाही. "तुझी जाई उद्या ह्याच मातीत खेळल, शिला. खाली पडलेला खाऊ उचलून तोंडात घालल. म्हणून आडवी आले."

मग ती संतोषकडं वळली. "बाटली दाखव, लेकरा."

संतोषनं देविदासकडं बघितलं आणि पिशवीतली रिकामी बाटली गजातून आत दिली. जनकाबाईनं ती लांब धरून फिरवली. बारीक अक्षरं तिला दिसत नव्हती, पण खालच्या त्रिकोणाचा रंग दिसला. लाल.

तिला तो रंग ओळखायला सात वर्षांपूर्वी शिकवलं होतं ते नांदेडच्या दवाखान्यातल्या एका नर्सनं. त्या साली तिचा नवरा ग्यानोबा दुसऱ्याच्या कापसावर फवारायला गेला होता. कापूस डोक्याएवढा, हवा कोंडलेली. जनकाबाई पाणी आणून देत होती. तिसऱ्या पंपाला ग्यानोबा सरीत बसला, तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून टेम्पोतून नांदेड. नऊ दिवसांनी तो चालत घरी आला खरा, पण उजव्या हाताची थरथर राहिली ती राहिलीच. अजूनही सदऱ्याची गुंडी जनकाबाईच लावून देते. त्या नर्सनं तिला रिकाम्या बाटलीवरचा त्रिकोण दाखवून सांगितलं होतं, मावशी, लाल म्हणजे सगळ्यात जहाल.

"हे वाचा," तिनं बाटली देविदासपुढं धरली. "मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

"ते सगळं कंपनीला लिहावंच लागतं. कुणी वाचतं का ते?"

"तुमी दुकानदार. तुमी न्हाई वाचणार तर कोण?"

"जनकाबाई, तुझं काम दरवर्षी समितीच्या सहीवर चालतं, ध्यानात हाय ना?"

"हाय. सही तुमची हाय, लेकरं तुमची एकट्याची न्हाईत."

तेवढ्यात सरला मॅडम वर्गातून बाहेर आल्या. काय चाललंय ते त्यांनी क्षणभर पाहिलं. मग बाटली घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचायला लागल्या. सुरुवातीला आवाज बारीक होता. "फक्त पिकांसाठी. खाण्याच्या वस्तू आणि भांड्यांपासून लांब ठेवावे. फवारताना हातमोजे, चष्मा, तोंडपट्टी वापरावी. फवारलेल्या जागी लहान मुलांना आणि जनावरांना जाऊ देऊ नये." पुढचं वाचताना त्या थांबल्या आणि ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मोठ्यानं. विषबाधा झाल्यास काय करायचं ते तिथं लिहिलं होतं.

संतोषनं आपल्या उघड्या हातांकडं बघितलं, पंप खांद्यावरून काढून रस्त्याच्या कडेला ठेवला आणि हापशावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

देविदासचं तोंड उतरलं, पण माघार घेणाऱ्यातला तो नव्हता. "बराबर हाय. मग इच्चू-माश्या काय आरती ओवाळून जाणार हाईत?"

"मी बघते."

"तू?"

"पंधरा दिवस द्या."

"दिले. पण ह्या पंधरा दिवसांत एका पोराला जरी काही चावलं, तर सोळाव्या दिवशी ह्या शेडात दुसरी बाई दिसल."

"दिसू द्या," जनकाबाई म्हणाली आणि खिचडी बघायला गेली. त्या दिवशी जेवायला वीस मिनिटं उशीर झाला. अकरा वर्षांतला पहिला.

घरी ग्यानोबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काहून अंगावर घेतलंस? काम गेलं तर?"

"तुमच्या हाताला विचारा काहून," ती म्हणाली. सकाळी तिच्या आधी फावडं घेऊन तोच शाळेच्या वाटेला लागला.

जनकाबाईनं औषधाची एक बाटलीही आणली नाही. आधी नुसती हिंडली. पूर्ण आवार, कुंपणाकडेनं, संडासाच्या मागून, खोल्यांच्या पायाशी वाकून. विंचू काय, उंदीर काय, कशाला येतात हे तिला शेतानं शिकवलं होतं. खायला मिळतं, प्यायला मिळतं आणि लपायला मिळतं म्हणून येतात. ते तिन्ही काढून घ्यायचं.

लेकरं ताटं धुवायची तिथं पाणी साचून शितांचा चिखल व्हायचा. त्यावर मुंग्या, माश्या, डास. ग्यानोबानं डाव्या हाताच्या जोरावर तिथं शोषखड्डा खणला, दगडगोट्यांनी भरला. खरकट्याला झाकणाची बादली आली, आणि ती रोज शाळा सुटायच्या आत गावाबाहेरच्या उकिरड्यावर रिकामी होऊ लागली. तांदळाची पोती भिंतीला खेटून जमिनीवर होती, ती फळ्यांवर चढली, फोडलेलं पोतं पत्र्याच्या पिंपात गेलं. उंदरांची बिळं खडी आणि सिमेंट कालवून बुजवली. सरपण भिंतीपासून हातभर लांब, दगडांवर रचलं. आणि लाकूड उचलायचं ते आधी काठीनं ढकलून, हा नियम तिनं स्वतःलाच घालून घेतला.

मोडक्या बाकांचा ढीग मात्र एकटीनं हलणारा नव्हता. रविवारी ती तिथं उभी होती, तेव्हा मागून शिला आली. काही न बोलता तिनं पदर खोचला आणि बाकाचं दुसरं टोक धरलं. पायात तिनं नवऱ्याचे बूट घातले होते. ढिगाखाली आणखी तीन विंचू निघाले. बाक भंगारात गेले. दोघींनी मिळून फुलावर आलेलं गाजरगवत हाताला पिशव्या बांधून उपटलं. शिलानं शेवटपर्यंत माफी मागितली नाही आणि जनकाबाईनंही तिला त्या वाटेला जाऊ दिलं नाही.

राहिल्या गांधीलमाश्या. तो संडास तिनं पहिल्याच दिवशी दोरी बांधून बंद केला होता. मुली तोवर दुसरा वापरत होत्या. तांड्यावरचा धर्मसिंग मध काढायचा, त्याला तिनं निरोप धाडला. तो सुटीच्या दिवशी पहाटे, गारव्यात, अंगभर घोंगडी आणि तोंडाला जाळी लावून आला. धूर देऊन पोळं उतरवलं आणि चौकटीवरच्या फटी मातीनं लिंपल्या.

"ते वरचं पण काढू का?" त्यानं लिंबाच्या शेंड्याकडं बोट केलं. तिथं आणखी एक पोळं होतं.

"तिथं कुणाचा हात पोचतो? राहू दे त्याला."

सगळं मनासारखं चाललं होतं आणि बाराव्या दिवशी, सकाळची प्रार्थना सुरू असताना, मोरीच्या तोंडातून पुरुषभर लांबीचा साप आवारात आला.

लेकरं किंचाळली. फाटकासमोरून दुकानाला निघालेला देविदास गाडी टाकून आत धावला, हातात काठी. "हे बघा! हे बघा हिचं काम!"

जनकाबाई साप आणि लेकरांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होती. जागा भरपूर होती. "मॅडम, लेकरं ओट्यावर घ्या. कुणी पळू नका. भाऊ, काठी खाली करा. धामण हाय ती."

"साप तो साप!"

"मारायला जाल अन् ती लेकरांकडं वळल. मागं सरका म्हणते ना!"

अकरा वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता. देविदास खरंच मागं सरकला. सगळे जागेवरच उभे राहिले. धामणीनं एकदा मान उचलली, बुजवलेल्या बिळांच्या कडेनं सरकत गेली, कुठं तोंड घालायला जागा सापडेना, तेव्हा कुंपणाखालून हळदीत निघून गेली.

"उंदीर हुडकत आली होती," जनकाबाई म्हणाली. "मिळाले न्हाईत, गेली." मग स्वतःशीच चिडून म्हणाली, "मोरीला जाळी लावायची राहिली ती राहिलीच." त्याच दुपारी जाळी लागली.

सोळाव्या दिवशी समितीची बैठक झाली. कुणालाही काही चावलं नव्हतं. देविदास म्हणाला, ठीक आहे, विषय संपला. जनकाबाई दाराशी उभी होती.

"संपला न्हाई. लिहून घ्या."

"काय लिहून घ्या?"

"शेतातलं औषध शाळेच्या आवारात येणार न्हाई. कधी काही मारायचीच येळ आली, तर बैठकीत ठरवून, शाळा बंद असताना, जाणत्या माणसाच्या हातून. आया-बापाला आधी सांगून. आज मी हाय, उद्या नसन. कागद राहील."

"तू समितीची सभासद न्हाईस," देविदास म्हणाला.

"मी हाय," शिला म्हणाली. "माझ्या नावानं लिहा."

सरला मॅडमनी ठराव लिहिला. अकरापैकी नऊ सह्या पडल्या. देविदासनं केली नाही.

ह्याची किंमत जनकाबाईनं मोजली नाही असं नाही. देविदासच्या दुकानात ग्यानोबाला आता युरिया "संपलेला" असतो. दीड एकराच्या रानासाठी त्याला फाट्यापर्यंत जावं लागतं आणि पोतं टमटममध्ये चढवायला कुणाला तरी हाक मारावी लागते. जूनमध्ये देविदासनं तिच्या जागी दुसरी बाई सुचवूनही पाहिली. त्या बैठकीला सत्तावीस आया आल्या. एवढ्या बाया शाळेच्या ओट्यावर झेंडावंदनालाही कधी बसल्या नव्हत्या. तो विषय वाचलाच गेला नाही.

या पावसाळ्यात गावात डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले. ग्रामपंचायतीनं धूर मारायला माणूस धाडला. तो भर दुपारी मशीन घरघरवत शाळेच्या फाटकाशी आला.

"लेकरं घरी गेल्यावर या," जनकाबाई आतून म्हणाली.

"मावशी, वरून ऑर्डर हाय."

"असल. मॅडमला दाखवा. आमचा पण एक कागद हाय, तो तुमी वाचा."

"अन् तोवर मी काय करू?"

"गावातल्या गटारी तुंबल्यात, टायरांत पाणी साचलंय. डास तिथं होऊन राहिले. सरपंचाला म्हणा, आधी ते पाणी काढा."

तो माणूस कुरकुरला, पण मशीन बंद केलं. जनकाबाईनं त्याला गजातून चहा दिला. त्याच्यासाठी कडी मात्र पाचला, शेवटचं लेकरू बाहेर पडल्यावरच काढली.