मिल्ड्रेडच्या कुशीतली खिडकी

माणूस एकटा आला, बरोबर पोरगं नाही, आणि आल्या आल्या आइस्क्रीमच्या रांगेतही उभा राहिला नाही, तर आर्डिस व्होस्कूल त्याला भला माणूस म्हणायला तयार नसे. रविवारी विद्यापीठाचा गोठा बघायला येणाऱ्यांचा क्रम ठरलेला. पहिल्यांदा आइस्क्रीम, मग गाय, मग पुन्हा आइस्क्रीम. हा क्रम मोडणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच, असं तिचं ठाम मत होतं.

तिच्या ताब्यातली गाय म्हणजे मिल्ड्रेड. मिल्ड्रेडच्या डाव्या कुशीला बशीएवढं भोक होतं. ती तरुण असताना जनावरांच्या डॉक्टरांनीच ते पाडलं होतं आणि रबराचं कडं बसवून वर घट्ट झाकण लावलं होतं. झाकण काढायचं, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवायचा आणि सरळ हात आत घालायचा. आत ऊबदार, ओला चारा ढवळत असतो. मिल्ड्रेड तोवर रवंथ करत समोरच्या भिंतीकडे बघत राही. चारा कसा पचतो हे विद्यार्थ्यांना दाखवायला केलेली ही सोय पुढे साऱ्या गावाच्या कौतुकाचा विषय झाली. फुटबॉलचं मैदान आणि घंटेचा मनोरा बघून झाला की पाहुणे पोराबाळांसकट इकडे वळत.

आर्डिसला हे कौतुक आवडे, पाहुणे मात्र आवडत नसत. ती डोळ्यांत तेल घालून झाकणापाशी उभी राही. कोण आत नाणं टाकेल, कोण चमचा टाकेल, काय नेम! एकदा एका बड्या प्राध्यापकालाही तिने वरच्या खिशातला चष्मा आणि पेन बाहेर काढून ठेवायला लावलं होतं. पण तिचा खरा दात होता तो चोरून चित्रण करणाऱ्यांवर. दुसऱ्या एका गावात अशाच कुणी चित्रण करून गाईचे हाल होतात असा गवगवा केला आणि तिथला गोठा लोकांना बंद झाला. तिथल्या गाईचं पुढे काय झालं ते आर्डिसला माहीत होतं. मिल्ड्रेड आता म्हातारी झाली होती, दूध केव्हाच आटलेलं. लोक बघायला येत म्हणून तिला चारा मिळत होता. ते यायचे थांबले की तिची रवानगी कसायाकडे होणार, आणि या भीतीने आर्डिसचा जीव सदा टांगणीला लागलेला असे.

अशात एप्रिलमध्ये तो माणूस आला. उंच, वाळका, अंगात स्वच्छ धुतलेलं शेतावरचं जाकीट. मोजा पुढे केला तर नको म्हणाला. नुसता उभा राहून त्या झाकणाकडे बघत बसला. दुसऱ्या रविवारी पुन्हा हजर. हिला दुखतं का, म्हणून त्याने विचारलं. आर्डिसच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, कारण ते चित्रणवाले नेमकं हेच विचारतात. तिलाच विचारा, म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

तिसऱ्या रविवारी गर्दी होती. आर्डिस एका रडक्या पोराच्या हातात मोजा चढवत होती, तेवढ्यात हा बाबा मिल्ड्रेडच्या मागे वाकलेला तिला दिसला. तिला बघताच त्याने हात खिशात घातला.

“खिशात काय आहे?” आर्डिसने विचारलं.

“काही विशेष नाही, बाई.”

“मग दाखवायला का जड जातंय?”

त्याने मुकाट्याने हात बाहेर काढला. हातात मोजपट्टी होती. कॅमेरा निघाला असता तर तिला एवढा धक्का बसला नसता. छातीचा घेर मोजून जनावराचं वजन काढतात, हे त्या मुलुखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि म्हाताऱ्या भाकड गाईचं वजन कसायाच्या दलालाखेरीज कुणाला हवं असणार?

“मला फक्त रुंदी बघायची होती,” तो म्हणाला.

“रुंदी बघायची हौस असेल तर घरी जा आणि बायकोचं पोट मोजा,” आर्डिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पुन्हा इथे दिसलात तर पोलिसांना बोलावीन.”

लोक खो खो हसले. माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मोजपट्टी खिशात टाकली आणि तो खाली मान घालून निघून गेला. बायकोचं नाव काढताच कसा पळाला, चोर असणारच, हे आर्डिस पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत होती. स्वतःवर इतकी खूश ती क्वचितच असे.

जूनमध्ये गोठ्याचा व्यवस्थापक डेल तिच्याकडे आला. बोलताना त्याची नजर तिच्या बुटांवर होती. विद्यापीठाने प्लास्टिकची गाय मागवली होती. बटण दाबलं की तिचं पोट उघडणार आणि आतला दिवा लागणार. मिल्ड्रेडला महिनाअखेर बाजारात पाठवायचं ठरलं होतं. आर्डिसने एवढा थयथयाट केला की डेल दोन पावलं मागे सरला.

“माझ्यावर काय ओरडतेस?” तो म्हणाला. “एप्रिलमध्येच कुणकुण लागली तेव्हा मी खटपट केली होती. नदीपलीकडचा मर्ल हॅवरकँप तिला फुकटात न्यायला तयार होता, मरेपर्यंत सांभाळतो म्हणाला. तुझ्या गोठ्याच्या दारातून मावते का ते बघून घे, असं मीच त्याला सांगितलं होतं. नंतर फिरकलाच नाही.”

“उंच आहे? वाळका?”

“हो. ओळखतेस का?”

 आर्डिसला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती नदीपलीकडे गेली. हॅवरकँप फाटकापाशीच होता. त्याने फाटक उघडलं नाही. माफीचे शब्द तिच्या तोंडून कसेबसे निघाले, पण संशय काही जाईना. एखादा माणूस भाकड गाय फुकट का पोसेल? गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिने ते विचारून टाकलं.

हॅवरकँपने घराकडे पाहिलं. “हिवाळ्यात व्हर्नाचं, माझ्या बायकोचं, आतड्याचं ऑपरेशन झालं,” तो म्हणाला. “पोटाला भोक पाडून पिशवी लावलीय. तेव्हापासून ती घराबाहेर पडत नाही, मलाही जवळ येऊ देत नाही. तुमची ती गाय मात्र खुशाल रवंथ करत उभी होती. म्हटलं, हिला अंगणात बांधावी. व्हर्नाला खिडकीतून दिसेल तरी.”

बायकोचं पोट मोजा. आपले शब्द आठवून आर्डिसचे कान तापले. त्या दिवशी गर्दीतलं प्रत्येक माणूस हसलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने ती स्वतः.

तेवढ्यात घराच्या जाळीच्या दाराआडून आवाज आला, “कोण आहे, मर्ल?”

“गाईची बाई,” तो म्हणाला. त्या दिवशीचं अवाक्षरही त्याने काढलं नाही.

गाईबद्दल नवऱ्याने तिला आधीच सांगितलेलं दिसलं. व्हर्नाने विचारलं, “लोक बघतात तेव्हा ती काय करते?”

“काही नाही. खात असते,” आर्डिस म्हणाली.

“आणि वास?”

एरवी आर्डिसकडे प्रत्येक प्रश्नाला तिखट उत्तर तयार असे. या वेळी तिने खरं सांगितलं. “येतो. झाकण काढलं की सगळा गोठा भरतो. पहिल्या वर्षी मी नाक दाबायची. आता मला कळतसुद्धा नाही.”

जाळीचं दार करकरलं. सैल झगा घातलेली एक बाई पोटावर हात धरून हळूहळू पायरीवर आली. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले. हॅवरकँप फाटक सोडून तिच्याकडे धावला, पण तिने हातानेच त्याला थांबवलं.

“आणा तिला,” ती आर्डिसला म्हणाली. “पण ते झाकण मी धुणार. मर्ल नाही, मी. शिकवाल?”

इतक्या वर्षांत आर्डिसने त्या झाकणाला दुसऱ्या कुणाला एकट्याने हात लावू दिला नव्हता.

“शिकवते,” ती म्हणाली.