सव्वीस तलंगा आणि चार वाजताचं ड्रिल

निवृत्तीआधीची माझी शेवटची निवडणूक ड्यूटी महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, खकनारकडच्या एका गावात लागली. आमच्या राखीव पोलिसांच्या महिला कंपनीला राहायला गावची शाळा दिली होती. मी हवालदार. माझे वडील महाराष्ट्रातून इकडे पेपर मिलमध्ये कामाला आले, आम्ही भावंडं इथेच वाढलो. त्याच जिल्ह्यातलं आमचं लालबागचं घर बसने जेमतेम दीड तासावर, पण घरी जायची परवानगी नाही. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. पण सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्या दिवशी सकाळी पाचला फॉल-इनची शिट्टी झाली. ऐंशी-नव्वद जणींचे बूट एकदम वाजले, जनरेटर सुरू झाला. सहा वाजता गेटवर एक बाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत चार मेलेल्या तलंगा. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. बाईचं नाव लीलाबाई. शाळेच्या भिंतीला लागूनच तिचं पत्र्याचं शेड होतं.

"साहेब, तुमच्या शिट्टीनं मेल्या या."

"मी साहेब नाही, हवालदार आहे."

"मग ज्याचं कुणी ऐकतं त्याला बोलवा. मी काय टोपली घेऊन लाइनीत उभी राहू?"

पहाऱ्यावरच्या सेंट्रीला हसू आलं. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि शेड बघायला गेले. तीस होत्या, सव्वीस राहिल्या. तलंगा घाबरल्या की एका कोपऱ्यात धावतात आणि एकमेकींवर चढतात. खालच्या गुदमरतात. जखम नाही, रक्त नाही.

लीलाबाईची खरी काळजी पुढे होती. आठव्या दिवशी दुपारी मानमोडीची, कोंबड्यांच्या साथीची, लस टोचायला माणूस येणार होता. मागच्या वेळी तलंगांनी इतका गोंधळ घातला की त्याची सुई वाकली आणि तो निघून गेला. जाताना म्हणाला, कोंबड्या हातात धरता येत नसतील तर मला बोलावू नका. आणि तिच्या नवऱ्याने बजावलं होतं, या खेपेला लस झाली नाही तर येत्या बाजाराला सगळ्या विकून टाकीन. त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती.

मी कंपनी कमांडर मॅडमना सांगितलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शिस्तीच्या पक्क्या.

"शिट्टी तो बंद नहीं होगी, सुनंदा. आप मराठी बोलती हैं, आप ही सँभालिए."

"जी मॅडम."

झालं. ऑर्डर मिळाली.

पीटीनंतर वीस मिनिटं आणि संध्याकाळी रोलकॉलआधी वीस मिनिटं तलंगांना हाताची सवय लावायची, असं टायमिंग ठरवलं. मला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी संशयित पकडावा तशी एक तलंग झडप घालून धरली. तिने माझं मनगट ओरबाडलं आणि बाकीच्या पंचवीस पत्र्यावर आदळल्या. तेव्हा कळलं, वरून हात आला की त्यांना घार वाटते. दुसऱ्या दिवशी नुसती भिंतीला टेकून खाली बसले, त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी तळहातावर मक्याचा भरडा ठेवला. चौथ्या दिवशी एकीच्या छातीला खालून बोट लावलं. सहाव्या दिवशी पंख दोन्ही तळहातांत दाबून, पोटाशी धरून उचलायला लागलो. आधी मी, मग लीलाबाई.

एक तलंग आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसायची.

"हिचं नाव ठाणेदारीण," लीलाबाई म्हणाली. "छाती काढून चालते. अगदी तुमच्यावाणी."

"आणि खाते तुझ्यावाणी."

आता माझी चूक सांगते. शेडमध्ये मी आवाज बंद केला होता. नाक्यावर दबा धरून बसतात तसं. कुजबुज नाही, खोकला नाही. लीलाबाईला बांगड्या उतरवायला लावल्या. "ताई, मी कोंबड्यांशी बोलते हो, सवय आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "आठ दिवस बोलायचं नाही." एरवी माझी जीभ टाळ्याला लागत नाही, पण कामावर मी अशीच. तलंगा शांत झाल्या आणि मला माझाच अभिमान वाटला.

आठवा दिवस. लसवाला तीनला आला. मी धरायची, तो टोचायचा, लीलाबाई पंखावर निळ्या शाईचा ठिपका द्यायची. ठाणेदारणीला शेवटी ठेवलं होतं, कारण ती बसली की बाकीच्या बसायच्या. तीन पन्नासला चौदा झाल्या होत्या. तेवढ्यात वॉकीटॉकी बोलला. पाचचं दंगा-ड्रिल चारला. जागा, शाळेचं मैदान.

मी बाहेर येऊन सेट उचलला आणि मॅडमना गाठलं. "चार्ली फोर टू चार्ली वन. ड्रिल तीस मिनट होल्ड करने की रिक्वेस्ट. ओव्हर."

"चार्ली फोर, निगेटिव्ह. चार बजे ही होगी. ओव्हर."

"रॉजर."

लसवाला बॅग आवरायला लागला. "झाल्या तेवढ्या पुरे. बाकीच्या पुढच्या वेळी."

"पुढची वेळ नाही, भाऊ," लीलाबाई म्हणाली.

दहा मिनिटांत आणखी पाच झाल्या. राहिल्या सात. मग चार वाजले.

ड्रिलमध्ये लाठ्या ढालींवर एका ठेक्यात आपटतात. गर्दीने घाबरावं म्हणूनच तो आवाज असतो. तीस पावलांवरून तो पत्र्याला भिडला. सव्वीसच्या सव्वीस उडाल्या आणि कोपऱ्याकडे धावल्या. मी त्यांच्याआधी पोचले आणि कोपऱ्यात पाठ लावून बसले, म्हणजे त्यांना दाटायला जागा उरू नये. त्या माझ्यावरच चढल्या. पाय, पोट, खांदे, सगळीकडे नखं. मी हललेसुद्धा नाही. हलले असते तर आणखी बिथरल्या असत्या.

तेव्हा लीलाबाई ओरडली. तलंगांवर नाही, आमच्या कंपनीवर. "मेल्यांनो, पत्रे फोडता का माझे! कुणाशी लढाई चाललीय?" आणि त्याच दमात रोजच्या सुरात, "या गं बाया, या, कुठं चालल्या, इकडं या, तुमची माय इथं हाय." ती बोलत राहिली. शिव्या, लाड, शिव्या. वरची एक उतरली आणि तिच्याकडे गेली. मग दोन. मग ढीग सुटला. चार महिने त्यांनी ऐकलेला आवाज एकच होता, आणि तोच मी आठ दिवस बंद ठेवला होता.

"सुई धरा," मी लसवाल्याला म्हटलं. तो खाली बसला. ड्रिल चालूच होतं. लीलाबाईने स्वतः उचलून सहा दिल्या.

सातवी माझ्या कमरेशी होती, सगळ्यांच्या खाली. धावत आली ती बहुतेक सगळ्यांत आधी माझ्याकडेच. मी उचलली तेव्हा अंग गरम होतं, मान पडली होती. ठाणेदारीण.

लीलाबाईने तिला माझ्या हातातून घेतलं. पंख सारखे केले.

"मी बसले नसते तिथं..." मी म्हटलं.

"तर जास्ती गेल्या असत्या. गप बसा आता तुम्ही."

त्या बाजारी लीलाबाईचा नवरा एकटाच गेला, रिकाम्या हाताने. पंचवीस राहिल्या.

आमच्या सेंटरला दरवर्षी शहीद बहिणींची नावं वाचतात. त्यातल्या दोघी माझ्या हाताखालच्या सेक्शनच्या होत्या. गेल्या तेव्हा दोघी माझ्यामागे, मी सांगितलं तिथे उभ्या होत्या. अजूनही बोलावणं आलं की जाते, सावधानमध्ये उभी राहते. त्यांची नावं येतात तेव्हा मला कमरेशी ते गरम वजन जाणवतं. कोंबडीचं आणि माणसाचं सारखं असतं असं मी म्हणत नाही. पण ज्या माझ्या भरवशावर आल्या होत्या, त्यांना मी वेगवेगळं आठवू शकत नाही.