मामाचे बुडबुडे

माझ्या मामाला एका जागी बसणं ठाऊकच नाही. जेवताना दोनदा उठतो. एकदा गळका नळ आवळायला, एकदा उगाच. घरातला फ्रिज त्याने इतक्यांदा सरकवलाय की फरशीला चरे पडलेत. धंदाही तसाच निवडला: पर्यटकांना बोटीतून समोरच्या निर्मनुष्य बेटावर न्यायचं आणि तिथल्या खडकांपाशी पाण्याखाली फिरवून आणायचं.

बोट मामी सांभाळायची. मामा खाली गेला की त्याच्या बुडबुड्यांवर नजर लावून ती येरझाऱ्या घालायची. पोहता येत असूनही समुद्रात तिने कधी डोकं बुडवलं नाही. "मी खाली बघत बसले तर वरचं कोण बघणार?" म्हणायची. तिकिटं फाडायला मी असायचे. "मामी, बस की जरा," म्हटलं की अंगावर यायची.

गेल्या वर्षी मामाच्या कानाने दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, आता खोल गेलात तर पाण्यातच चक्कर येईल, वर कुठं नि खाली कुठं तेही कळणार नाही. मामीने त्याच दिवशी आपल्या भावाच्या रंगाच्या दुकानात मामाची नोकरी पक्की केली. मामा तोंड पाडून बसला, जेवण टाकलं. शेवटी "आजची एकच बुडी, मग तुझ्या भावाचे डबे पुसतो" या बोलीवर तो तीन पाहुण्यांना घेऊन उतरला. मामी हो म्हणालीच कशी, म्हणून मी तिच्यावर धुमसत होते.

थोड्या वेळाने बुडबुडे दिसेनासे झाले. मामीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने एका बाईच्या हातातला मास्क हिसकावला, शिडीवरून पाण्यात उतरली आणि तोंड बुडवलं.

श्वास घ्यायला वर यायची, की पुन्हा आत. बोलेना, हाक मारेना. मीही मास्क लावून उडी घेतली. मामा खडकाच्या कपारीतून बाहेर येत होता. पाहुणे हातपाय झाडत होते आणि हा हाताची घडी घालून आडवा, स्वस्थ. शेजारी कासव चरत होतं, त्यालाही याची अडचण नव्हती. मामाने वर पाहिलं, मामीला ओळखलं, सावकाश हात हलवला. या माणसाला इतका निवांत मी जन्मात पाहिला नव्हता.

बोटीवर येऊन मास्क काढताच मामाच्या कपाळावरची आठी परत आली. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मामी ढसाढसा रडायला लागली. "मला वाटायचं, तुम्ही कामाला जाता आणि घरी येता. अहो, तुमचं घर तिथं खाली होतं. आमच्याकडे तुम्ही नुसते पाहुणे."



तरीही मामाचे हवेचे सिलिंडर तिने विकलेच. मामा आता दुकानात रंगाचे डबे या फळीवरून त्या फळीवर हलवत असतो. मामीचा भाऊ पार वैतागलाय. बोट आता मी सांभाळते, सुट्टीच्या दिवशी दोघं तिच्यातूनच बेटावर येतात. कानात बोळे घालून वरच्या वर तरंगायला डॉक्टरांची हरकत नाही. दोघं पालथी पडून, हातात हात घालून खाली बघत राहतात. पाहुण्यांना कोण कौतुक! फोटो काढतात.

मी जवळून पाहिलंय. मामीच्या मुठीत त्याचा हात नसतो, मनगट असतं, आणि ते ती क्षणभरही सैल सोडत नाही.