रणगाड्याची कॅसेट

रविवारी सकाळी पुण्याहून माणूस येणार होता आणि बुधवार उजाडला तरी माझं काही ठरलेलं नव्हतं. खरं म्हणजे तीनदा ठरलं होतं. सोमवारी विकायचं ठरलं, मंगळवारी सकाळी नाही विकायचं ठरलं, संध्याकाळी पुन्हा विकायचं ठरलं. बायकोने वाढताना विचारलं, "ठरलं का तुमचं?" मी म्हटलं, "ठरलंय." ती म्हणाली, "काय?" मग मी भाकरीचे नको तेवढे बारीक तुकडे करत बसलो.

प्रश्न माझ्या जुन्या व्हिडिओ गेमचा होता. आम्ही त्याला टीव्ही गेम म्हणायचो. टीव्हीला वायर जोडायची, मशीनच्या खाचेत जाडजूड प्लॅस्टिकची कॅसेट दाबून बसवायची आणि हातात रिमोट घेऊन खेळायचं. तसल्या दोनशेच्या वर कॅसेटी आणि आठ मशीनं दौंडच्या आमच्या तीन खोल्यांपैकी एक खोली अडवून बसली होती. भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवरून, ओळखीपाळखीच्यांच्या अडगळीतून मी एकेक जमवली होती. नातेवाईक आले की त्यांना वाटायचं मी दुकान टाकणार आहे.

मुलगी दहावीला गेली. तिला दार लावून बसायला खोली हवी होती. ती तोंडाने कधी मागत नव्हती, हीच तर पंचाईत. भांडून मागितली असती तर मीही भांडलो असतो. ती स्वयंपाकघरात चटई टाकून गणितं सोडवायची आणि कुकरची शिट्टी झाली की पेन खाली ठेवून दोन्ही कानांत बोटं घालायची. ते बघितलं की विकावंसं वाटायचं. खोलीत जाऊन एखादी कॅसेट हातात घेतली की नको वाटायचं. कुरकुंभला कंपनीत ड्यूटीवर असतानाही डोक्यात हेच. एकदा लॉगबुकात तापमानाच्या रकान्यात मी दाब लिहून ठेवला आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

पुण्याचा माणूस जुने गेम जमवणारा होता. सगळं एकगठ्ठा नेणार म्हणाला. बोलायला गोड, पण त्याचे प्रश्न संपत नव्हते. बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी, सकाळीच त्याचा फोन आला.

"फोटो बघितले. डब्यांवर हे लाल डाग कसले आहेत? रंग आहे का?"

"कुंकू आहे," मी म्हटलं.

"कुंकू?"

"खंडेनवमीचं. आमच्याकडे पूजेला लावतात."

तो म्हणाला, "पण निघेल ना ते?"

माझं डोकंच सटकलं. निघेल ना म्हणे! पण विकायला मीच काढलं होतं, मग रागवायचं कुणावर? मी "बघतो" म्हणालो. त्याने सांगितलं, "आणि प्रत्येक कॅसेटच्या पिनांचा जवळून फोटो पाठवा. पिना स्वच्छ असतील तरच उपयोग."

पिना म्हणजे कॅसेटच्या खालच्या तोंडातली पितळी पट्ट्यांची रांग. लहानपणी आमच्या गावी, न्हावऱ्यात, आम्ही त्यांना दात म्हणायचो. दात मशीनला चावले तर टीव्हीवर चित्र येणार, नाहीतर नुसती खरखर.

मी कॅसेटी काढायला बसलो. डबा उघड, तोंड उजेडाकडे कर, फोटो काढ, डबा बंद. चाळीसेक झाल्या आणि कपाटाच्या तळाला हात गेला. तिथे एक कॅसेट बिनडब्याची होती, शाळेच्या जुन्या हातरुमालात गुंडाळलेली. रणगाड्याची कॅसेट. माझी सगळ्यांत पहिली, आणि संग्रहातली एकुलती एक न चालणारी. गेल्या पंचवीस वर्षांत मी ती उघडून पाहिली नव्हती. फेकलीही नव्हती.

ती मामाने मशीनसोबत पुण्याहून आणली, तेव्हा मी सातवीत होतो. रणगाड्याचा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. एकाने पुढे जाऊन मारायचं, दुसऱ्याने मागे राहून आपलं ठाणं राखायचं. माझा जोडीदार होता बौद्धवस्तीतला, माझ्याच वर्गातला. मी नेहमी पुढे पळायचो आणि तो ठाणं राखायचा. शाळा सुटली की दप्तरं टाकून आम्ही टीव्हीपुढे. आई दोघांनाही एकदमच हाका मारायची, चहा प्या रे आधी म्हणून.

त्या वर्षी नवरात्रात त्याच्या आत्याकडे कुणीतरी तसलंच मशीन आणलं. तो माझ्याकडून कॅसेट मागून घेऊन गेला आणि अष्टमीच्या सकाळी परत घेऊन आला. त्याच्या घरचे दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर निघाले होते. "ऱ्हाऊ दी तुझ्याकडं, मी नसताना एकटा खेळू नको," असं म्हणून गेला. मी कॅसेट न लावताच मशीनवर ठेवली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पूजेला लावलेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, म्हणून मीही लावला नाही. दसऱ्यानंतर लावली तर नुसती खरखर.

फुंकर मारली, वरून पुसली, शंभर वेळा काढून घातली. काही नाही. तो नागपूरहून आल्या आल्या हसत आमच्या घरी आला आणि मी त्याच्यावर तुटून पडलो. तूच बिघडवलीस म्हणालो. तो म्हणाला, "माझ्याकडं चांगली चालत व्हती, शप्पथ." मी आणखी चढलो. आणि मग म्हणालो, "तुमच्यात वस्तू जपायची अक्कलच न्हाई."

तुमच्यात. मराठीत हा साधा शब्द आहे. तुमच्या घरात, तुमच्या मित्रांत, असाही त्याचा अर्थ होतो. पण मी ज्या घरातला होतो आणि तो ज्या वस्तीतला होता, तिथे त्याचा एकच अर्थ होत होता, आणि तो दोघांनाही कळत होता. मला कळत नव्हता असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

त्याने कॅसेट माझ्या हातातून घेतली. तिच्या तोंडात बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि चड्डीला पुसलं. तेवढ्यात आई चहा घेऊन दारात आली. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "व्हय. माझ्याकडनंच बिघडली असंल." चहा न पिता तो गेला आणि आमच्या घरी पुन्हा आला नाही.

मला वाटलं, बघा, कबूल केलं. मी तशीच दुसरी कॅसेट मिळवली, मग आणखी एक, मग नादच लागला. प्रत्येकीला प्लॅस्टिकचा डबा घेतला. पुढची सगळी कुंकवं त्या डब्यांवर लागली ती त्यामुळेच. एकही कॅसेट कधी कुणाला उसनी दिली नाही. लोकांना मी कौतुकाने सांगतो की माझा संग्रह आवडीतून उभा राहिला. तो संशयातून उभा राहिला आहे.

तर बुधवारी मी हातरुमाल सोडला आणि कॅसेटचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे धरलं. दातांच्या फटींमध्ये लाल होतं. वाळून घट्ट झालेलं, कडेने पिवळं. नखाने खरवडलं तर नखात आलं. हळद आणि कुंकू.

मी तसाच फरशीवर बसलो. मग सगळं आठवलं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं.

आमची आई कुंकू कुठेही लावत नाही. वस्तू जिथून काम करते तिथेच लावते. विळ्याच्या धारेला, शिलाई मशीनच्या सुईला, पान्याच्या जबड्याला. त्या वर्षी टीव्ही गेम पाटावर पहिल्यांदाच आला होता. तिने बोट ओलं करून मला विचारलं, "ह्येचं काम कुठनं चालतं रं?" आणि मी, घरातला एकमेव जाणकार, मोठ्या ऐटीत कॅसेट उलटी करून तिला दाखवलं, "ह्या दातांनी." तिने एकेका दाताला मन लावून हळदकुंकू लावलं. मी कॅसेट धरून उभा होतो.

म्हणजे कॅसेट बिघडली माझ्याच हातात. आणि त्याने बोट फिरवलं तेव्हा ते लाल झालं असणार.

कंपनीतून आणलेलं स्पिरिट घरात होतं. कापूस भिजवला, कॅसेटजवळ नेला, मागे घेतला. पुसली तर दोन मिनिटांत पितळ चमकेल, फोटो जाईल, रविवारी माल जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. पुन्हा कापूस भिजवला. हा प्रकार दुपारपर्यंत चालला. शेवटी बायकोने विचारलं, "कुणाला औषध लावताय?" मी तिला सगळं सांगितलं, तो शब्दसुद्धा. तो शब्द ऐकल्यावर तिने स्पिरिटच्या बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाली, "पुसू नका. घेऊन जा ती त्यांच्याकडं."

तो कुठे असतो हे मला माहीत होतं. शिरूरला स्टँडजवळ त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटरी तो तांब्याची तार भरून दुरुस्त करतो. शिरूरला गेलो की मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायचो.

शनिवारी पहिली पाळी संपताच कुरकुंभहून थेट गाडीवर निघालो. वाटेत न्हावरं लागतं. आई भावाकडे तिथेच असते, पण थांबलो नाही. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलो आणि उगाच हॉर्न वाजवत राहिलो. घाई नव्हती. उलट पोचूच नये असं वाटत होतं, आणि तरी हॉर्नवरचा अंगठा निघत नव्हता.

तो स्टुलावर बसून एका मोटरीत तार भरत होता. केस पिकलेले, चष्मा कपाळावर. मला बघून उठला नाही.

"मोटर आणली का?" तो म्हणाला.

मी हातरुमाल सोडून कॅसेट त्याच्या टेबलावर ठेवली. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "कुंकू होतं. मीच आईला दाखवलं होतं कुठं लावायचं."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, कॅसेट उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "म्हाईत हाय. बोट लाल झालं व्हतं की माझं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुझी आई दारात उभी व्हती. चहा घिऊन." तो तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. "त्या गावात किती घरात मला चहा मिळायचा? आन् मिळाला तर कप निराळा. तुमच्यात न्हवता निराळा. तिच्या पूजेनं बिघडलं म्हणून सांगू? तू तिच्यावर वरडला असता, आन् मी तिथं उभा."

त्याने 'तुमच्यात' म्हटलं. तोच शब्द, आणि त्याच्या तोंडून तो माझ्या घराच्या कौतुकाचा निघाला. मला रडू आलं. दुकानात मोटर न्यायला आलेले एक आप्पा बसले होते, ते बघत होते, तरी आलं.

"मी बोललो ते..." मी म्हणालो.

"बोलला व्हतास. इसरलो न्हाई," तो म्हणाला. "मला तवा लई लागलं. कॅसेटचं न्हाई."

एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही, आणि मला मागायला तोंड नव्हतं. त्याने ड्रॉवरमधून मुलाचं खोडरबर काढलं आणि दात घासायला लागला. सावकाश, एकेक. टेबलावर लाल भुगा पडला. आप्पांनी विचारलं, "कशाचा पार्ट हाय ह्यो?" तो म्हणाला, "लई जुनी मोटर हाय, आप्पा." मग त्याने पलीकडच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आला.

घासून झाल्यावर त्याने फुंकर मारली आणि म्हणाला, "चालंल आता. आईंना मातर सांगू नको ह्यातलं." कॅसेट त्याने माझ्याकडे सरकवली. मी ती परत त्याच्याकडे सरकवली. मशीन गाडीच्या डिकीत होतं, तेही आणून ठेवलं.

"घेऊन जा. मुलाबरोबर खेळ."

त्याने माझ्याकडे बघितलं. "परत कवा देऊ?"

मी टेबलावरचा हातरुमाल घडी करून खिशात घातला. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

रविवारी पुण्याचा माणूस टेम्पो घेऊन आला. मी बुधवारपासून पहिल्यांदाच एका जागी बसून होतो. त्याने डबे मोजले, मशीनं मोजली. मुलगी दारात उभी राहून रिकामी होत चाललेली खोली बघत होती, आणि आपल्याला आनंद झालाय हे दिसू नये म्हणून धडपडत होती. शेवटी त्याने मी पाठवलेली यादी मोबाइलवर पुढे केली.

"मशीन एक कमी आहे. आणि ही रणगाड्याची, बिनडब्याची. ही कुठे आहे?"

"उसनी दिलीय," मी म्हटलं.