मुरडीचं शेपूट

शिवगंगा कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात आमचं भांडण झालं, आणि तेही हत्तीच्या शेपटावरून.

तुळजापुरात एका लॉजच्या वरच्या मजल्यावर आमचं कार्यालय आहे. कार्यालय म्हणजे दोन खोल्या आणि तीन संगणक. पुण्याच्या एका संस्थेकडनं जुन्या भित्तिचित्रांचे चार हजार फोटो आले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणी हौशी माणूस आपल्या भागातल्या लग्नघरांच्या भिंती टिपत हिंडला होता. दाराशेजारी चुन्यानं आणि गेरूनं काढलेले हत्ती, घोडे, वाघ, मोर. फोटोमागं पेन्सिलीनं फक्त तालुका लिहिलेला. चितारी कोण, त्याचा पत्ता नाही. फोटो बघायचा, त्यात काय काय दिसतं त्याचे टॅग लावायचे, म्हणजे उद्या कुणी शोधलं तर सापडावं, एवढंच आमचं काम. मी योगीराज, इथला प्रमुख. उत्कर्ष चित्रकलेचा डिप्लोमा केलेला. आणि शिवगंगा सास्तूरची, चाळिशीची, आधी अंगणवाडीत मदतनीस होती.

वाकड्या शेपटाला उत्कर्ष लिहायचा 'वक्र पुच्छ', मी लिहायचो 'वाकडं शेपूट' आणि ही लिहायची 'मुरडीचं'. एक शब्द टाकून शोधलं की एकाचीच चित्रं वर यायची, बाकी दोघांची गायब. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, ते आमच्याकडं खरंच घडत होतं. सोंड, अंबारी, माहूत, सगळ्यांवर एकमत झालं आणि शेपटावर गाडी अडली. मी वैतागून म्हणालो, तीनच टॅग ठेवू: वर, खाली आणि दिसत नाही. उत्कर्षनं लगेच मान डोलावली. शिवगंगा मात्र उठून उभी राहिली.

"न्हाय सर. वर गेलेल्या शेपटात बी फरक असतो. हे बघा, वर जातंय, मग आत मुरडतंय, आन् टोकाला तीन ठिपके. हे येगळं हाय. ह्याला येगळा टॅग पायजे."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तसं चाललंय तुमचं बाई," मी म्हणालो. उत्कर्ष हसला. ती हसली नाही. मग तिनं सांगितलं ते ऐकून माझंही हसू विरलं.

तिचे वडील दगडोबा चितारी होते. लग्नसराईत लोहारा, उमरग्यापासून पार बेंबळीपर्यंत भिंती रंगवत फिरायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली, वडील गेले, घर गेलं आणि घराची भिंतही गेली. आठ वर्षांची शिवगंगा मावशीकडं तुळजापुरात होती म्हणून वाचली. वडिलांचा एक फोटो नाही, सही नाही, कागदाचा कपटा नाही. त्यांच्या दाराशेजारच्या हत्तीचं शेपूट तेवढं तिच्या डोळ्यांपुढं होतं, अगदी असंच मुरडीचं. या चार हजारांत ती मुरड जिथं असेल तिथं तिचा बाप होता. टॅग एक झाला की ते सगळे हत्ती एका जागी येणार होते, आणि 'चितारी' या रकान्यात नाव लिहिता येणार होतं.

एवढं ऐकूनही मान्य करायला मी आठ महिने लावले. शेपटाला शब्द वाढवले की उद्या कानाला मागतील, खुराला मागतील, असली माझी भीती. मी तसाच आडमुठा माणूस आहे. शेवटी टॅगची यादी महिनाअखेर बंद होणार असं पुण्याहून कळलं, तेव्हा मी सही केली. 'मुरडीचं शेपूट, तीन ठिपके.' तिनं पंधरा दिवसांत चारही हजार चित्रं पुन्हा तपासली आणि मग शोधाची कळ दाबली. त्रेसष्ट चित्रं आली. तिनं तोंडावर पदर धरला.

"लई काम केलंय सर आमच्या बानं," ती म्हणाली.

पण नाव लिहायचं तर त्या घरातल्या कुणा जाणत्यानं सांगितलं पाहिजे, असा नियम होता. एका फोटोत हत्तीजवळ नवी नवरी उभी होती. शिवगंगानं विचारत विचारत तिला शोधून काढलं. बेंबळीच्या बानूबाई. आम्ही दोघं एसटीनं गेलो.

बानूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि लाजल्याच. "म्याच की ही!"

"आजी, हत्ती कुणी काढलाय?"

"दोन-चार चितारी यायचे पोरी. नाव कोण इचारतंय त्यांचं."

"शेपूट बघा की आजी. असं मुरडून फकस्त आमचा बा काढायचा."

"शेपूट?" बानूबाईंना नवलच वाटलं. "शेपूट तर म्या काढलंय. चितारी समदं जनावर काढायचा आन् शेपटापाशी थांबायचा. शेपूट घरच्या बाईनं काढायचं, चुन्यात बोट बुडवून. तवा कुठं जनावर त्या घरचं व्हायचं. सासूनं दावली तशी मुरड काढायची. आमी समद्या तशीच काढायचो. चिताऱ्यानं कधी शेपूट काढलं न्हाय."

चित्रात चिताऱ्याची नसलेली एकच गोष्ट होती, आणि आम्ही आठ महिने भांडून नेमकी तीच धरली होती.

एसटीची वाट बघताना शिवगंगा म्हणाली, "मंजी आमच्या भिंतीवरचं शेपूट आईनं काढलं आसंल." पण आईनं तेवढी एकच भिंत केलेली, आणि त्या घराचं दार तिला चार हजारांत कुठंच दिसलं नव्हतं. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"शेपूट सोडा," मी म्हणालो. "सोंड आठवा, डोळा आठवा, पाय कसे होते ते आठवा. त्यावरनं शोधू. यादी उघडायला मी भांडतो पुण्याशी."

ती बराच वेळ आठवत राहिली. "सर, म्या लई बारकी व्हते. शेपूट माझ्या उंचीला व्हतं. त्यावरनं रोज बोट फिरवायची. वर कधी बघितलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती त्रेसष्ट चित्रं उघडून बसली आणि चिताऱ्याच्या रकान्यात एकेक करून 'अज्ञात' लिहू लागली. मी म्हणालो, राहू द्या, मी लिहितो. तिनं कळफलक सोडला नाही.

"ह्यात एखादा हत्ती बाचा आसंलच की सर," ती म्हणाली. "त्याचं तरी म्याच लिहिते."