कोटा उठला तेव्हा

"कोटा उठला, तर चीन आपल्याला गिळून टाकेल!" कापड एक्स्पोर्ट करणारे शेठ माईकवर ओरडले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या.

"आणि ऱ्हायला, तर आमी काय खायाचं?"

टाळ्या बंद!

ही इचलकरंजीतली सभा, दोन हजार चार सालातली. मी एक्स्पोर्ट सल्लागार, ऑफिस जवळच्या शहरात, राजारामपुरीत. कोटा म्हणजे परदेशांनी आपल्या कापडाच्या आयातीवर घातलेली मर्यादा. तो वाटताना बघायचे, आधी कुणी माल पाठवलाय. म्हणजे पाठवला असेल त्यालाच पाठवायला मिळणार. नव्यानं सुरुवात कशी करायची, हे विचारायची सोय नव्हती. देशोदेशीच्या सरकारांनी एकत्र बसून हा कारभार मोडायचं ठरवलं होतं. मुदत संपत आली होती आणि कोटावाल्यांना ती वाढवून हवी होती.

उठलेल्या बाई म्हणजे रत्नाताई कांबळे. बारा यंत्रमागांची शेड. कापड त्यांचं, पण परदेशी जायचं शेठच्या कोट्यातून, शेठच्या नावानं. सभेनंतर शेठनं त्यांचं कामच बंद केलं.

"ताई, जरा दमानं घ्यायचं," मी म्हटलं.

"दमानंच घेतलंय की इतकी वर्सं!"

बाईंनी मागामागावर स्वतःची डिझाईनं लावली. परदेशी गिऱ्हाईकाचा पत्ता नाही, आणि ह्या विणतायत! लोकल बाजारात मिळेल त्या भावानं कापड विकून दिवस काढले. काय छाती म्हणायची!

कोटा उठला. माझ्या ओळखीचा जर्मन खरेदीदार आला. रत्नाताईंनी ऑफिसात आणलेले नमुने त्याला आवडले, पण रेट ऐकून त्यानं नकारार्थी मान हलवली. चीनचा रेट फारच खाली होता. शेठ खरं बोलले म्हणायचं, मी नमुने गुंडाळायला लागलो. रत्नाताई मात्र शांत.

"साहेब, विचारा त्याला. एका डिझाईनचं कमीत कमी किती कापड घ्या म्हणतोय चीनवाला?"

मी विचारलं. आकडा सांगताना तोच ओशाळला. तेवढा माल ठेवायला त्याच्याकडं गोडाऊनही नव्हतं.

"मग चला की शेडात."

बारा मागांवर बारा वेगळ्या पट्ट्या चालू होत्या.

"पायजे ती घे, पायजे तेवढीच घे. एक ठाण म्हणालास तरी विणून देतो आमी."

त्यानं ऑर्डर दिली. छोटी, पण ताईंच्या रेटनं.

खोक्यांवर छापायचा मजकूर मी त्यांना दाखवला. आपल्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं. "साहेब, नाव जरा मोठं करा की."

केलं.

नियम बदलले ते बरंच झालं. पण त्यानं अडवणारा तेवढा बाजूला होतो. माल आपला आपल्यालाच पोचवावा लागतो.