टाचेखालचा थेंब

रवळू गावड्याला माग काढता येतो, हे कणकुंबीपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसलेला एखादा भेटलाच, तर रवळू स्वतः त्याची सोय करायचा. टपरीवर चहाचा ग्लास हातात येईपर्यंत त्याचा गवा रानातून निघालेला असे, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत तो गवा कुठल्या ओढ्यावर पाणी प्यायला, कुठल्या पायानं लंगडत होता, हे सगळं सांगून झालेलं असे. गेलं वर्षभर मात्र तो टपरीवर गप्प बसतो. लोकांना वाटतं, म्हातारा थकला. तो थकलेला नाही, त्याला लाज वाटते.

गाव कणकुंबी, पण पोट निपाणीला. बाविसाव्या वर्षी तो तंबाखूच्या एका वखारीत राखणदार म्हणून आला आणि तिथंच म्हातारा झाला. त्याचा बाप जोतिबा गावच्या शिकारीत सगळ्यांच्या पुढं चालायचा, जमिनीवर नजर ठेवून टोळीला जनावरापाशी न्यायचा. पुढं शिकारबंदी आली, बंदुका जमा झाल्या, पण बापानं पोराला शिकवायचं काही सोडलं नाही. खुराचा काठ ओला की सुकलेला, लेंडी चुरगळली तर आत किती ऊब, दबलेली गवताची काडी परत किती उठली, हे रवळूला बाराखडीच्या आधी आलं. बाराखडी तशी अर्धीच राहिली.

मोठे मालक गेले आणि त्यांचा मुलगा विक्रम गादीवर बसला. पस्तिशीचा, हौशी गडी. त्यानं मोबाईलवर नामिबियातली शिकार पाहिली. तिकडं मैलोगणती पसरलेली खासगी रानं असतात, परवान्यावर मोजकी जनावरं मारू देतात, आणि सगळं तिथल्या माहीतगार माणसाच्या नजरेखाली. विक्रमच्या डोक्यात ते भूत शिरलं ते शिरलंच.

"आप्पा, तुमी बी चला संगं," तो रवळूला म्हणाला. "आमच्याकडं कसली माणसं हायत ती तिकडच्यांनी बी बघू देत."

एकसष्टाव्या वर्षी रवळूचा पासपोर्ट निघाला. बायको जयाबाईनं गल्लीभर सांगितलं की आमच्या ह्यांना आफ्रिकेतनं बोलवणं आलंय. बोलवणं कुणी धाडलं नव्हतं, पण रवळूनंही ते खोडून काढलं नाही.

तिथला कारभार हेनिंग नावाच्या उंच गोऱ्या माणसाकडं होता. पाहुण्यांना शिकारीला नेणं हाच त्याचा धंदा. त्याच्या हाताखाली माग काढायला टोमास. टोमास रवळूच्याच वयाचा, किडकिडीत, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी रवळूनं कनवटीची निपाणी तंबाखू काढली, चुना लावून मळली आणि निम्मी त्याच्यापुढं धरली. टोमासनं ती आधी हुंगली, मग ओठाखाली धरली. डोळ्यांतून पाणी आलं तरी गडी थुंकला नाही. तेवढ्यावर दोस्ती जमली. टोमास काडीनं मातीत खूर काढी, रवळू त्याच्याशेजारी सांबराचा खूर काढी. दुसऱ्या दिवशी रानात टोमास कुठं थांबतो, कुठं वाकतो, हे बघता बघता रवळूला कळून चुकलं की हा माणूस आपल्यापेक्षा सरस आहे. हे त्याला जन्मात पहिल्यांदा कबूल करावं लागत होतं, आणि नवल म्हणजे त्याचं त्याला वाईट वाटलं नाही.

विक्रमला कुडू मारायचा होता. कुडू म्हणजे आपल्या सांबराएवढं जनावर, अंगावर पांढऱ्या उभ्या रेघा. नराला पिळाची लांबलचक शिंगं, मादी बोडकी. हेनिंगचे नियम दोनच होते. मी सांगितल्याशिवाय गोळी झाडायची नाही. आणि जनावर जखमी होऊन पळालं तर त्याला शोधायचं, दुसरं मारायचं नाही, त्या पाहुण्याची शिकार तिथंच संपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काटेरी झुडपांपलीकडं काहीतरी हललं. हेनिंग दुर्बीण डोळ्याला लावतोय तोवर विक्रमनं बार काढला. झुडपातून उधळली ती मादी होती, आणि तिच्यामागं पिल्लू. हेनिंग काय बोलला ते रवळूला कळलं नाही, पण शिव्या कुठल्याही मुलखात ओळखू येतात. विक्रमचा चेहरा पडला. नेम चुकला, लागलं नाही, एवढंच तो इंग्रजीत परत परत सांगत राहिला.

हेनिंगनं सगळ्यांना पांगून जमीन बघायला लावली. टोमास डावीकडनं गेला, रवळू उजवीकडनं. दहा-बारा पावलांवर एका वाळक्या पानावर रवळूला थेंब दिसला. ओला, काळसर, आणि त्यात चघळलेल्या पाल्याचा बारीक हिरवा कण. गोळी पोटाला लागली होती. पोटाला लागलेलं जनावर लगेच मरत नाही, दोन-दोन, तीन-तीन दिवस तळमळत फिरतं, हे त्याला बापानं शिकवलं होतं.

त्यानं मान वर केली. विक्रम त्याच्याकडंच बघत होता. विक्रमनं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणायला लागते तेवढी.

चाळीस वर्षं ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरच्या मानेकडं बघायची माणसाला सवय लागते. वखारीत कुणी नको असलेला माणूस मालकाला विचारत आला की रवळू आधी आतल्या दाराकडं बघे. आतून मान हलली की मालक गावाला गेलेले असत, कधी बोरगावला, कधी बेळगावला. इमान म्हणतात ते हेच, अशी त्याची समजूत होती. त्या परमुलखातल्या रानातही मान हलली आणि रवळूनं पानावर पाय ठेवला. टाच फिरवली. पान अजून दिसतंय असं वाटलं म्हणून पुन्हा एकदा फिरवली.

हेनिंगनं लांबून हातानंच विचारलं, काही आहे? रवळूनं दोन्ही पंजे उघडे करून दाखवले. त्या बाजूला येऊ लागलेला टोमास ते बघून थांबला. रवळूसारख्या माणसानं बघितलेली जमीन पुन्हा बघायची त्याला गरज वाटली नसावी. त्यानंही हेनिंगकडं बघून मान हलवली, आणि टोमास नाही म्हणतोय म्हटल्यावर हेनिंगनं ते मानलं.

दुपारभर टोमास मुक्कामावर दिसला नाही. अंधार पडल्यावर तो आला, शेकोटीपाशी रवळूच्या समोर बसला. रवळूनं तंबाखू मळून पुढं केली. टोमासनं ती बघितली आणि गालावर हात ठेवून दात दुखत असल्याची खूण केली. दातच दुखत असेल, असं रवळूनं स्वतःला बजावलं.

जोतिबाच्या टोळीत एक रिवाज होता. मटणाचे वाटे घालायच्या आधी म्होरक्या विचारायचा, "कुणाचं काय मागं ऱ्हायलंय काय?" ज्याच्या हातून जनावर जखमी होऊन निसटलं असेल त्यानं तिथंच सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी बोल लावत नसे, उलट सकाळी सगळी वाडी त्याच्याबरोबर माग काढायला निघे. न सांगता वाटा घेणारा मात्र टोळीतून उठला तो कायमचा. ह्या शेकोटीपाशी तसं कुणी विचारलं नाही, आणि त्याचं रवळूला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं, हे आठवलं की आजही त्याला स्वतःची किळस येते.

दुसऱ्या दिवशी विक्रमला शिंगांचा नर मिळाला. माग टोमासनंच काढून दिला. मेलेल्या नराजवळ विक्रम आणि रवळू बसले, फोटो निघाला. तो मोठा करून आता वखारीत लावलाय. चौकटीत बसवताना कडेला उभा असलेला टोमास कापला गेला, त्याचं कोपर तेवढं राहिलंय.

परत आल्यावर महिनाभर रवळूची चैन होती. जयाबाई पाहुण्यांना बसवून घेई आणि रवळू आफ्रिका सांगे. मादीची गोष्ट सोडून सगळी आफ्रिका सांगे.

मग हेनिंगचं पत्र आलं. विक्रमनं ते मोबाईलवर वाचलं आणि तोंड वाकडं करत रवळूला सांगितलं. हे दोघं निघाले त्याच आठवड्यात मादी मेलेली सापडली होती. पोटात गोळी. गिधाडं उतरली म्हणून कळलं, आणि पिल्लू तोवर तिच्याजवळच उभं होतं. रक्त नाही म्हणून टोमासनं सांगितलं होतं, म्हणून हेनिंगनं त्याला मागावरनं काढून कुंपणाच्या तारा ओढायच्या कामाला लावलं होतं. सव्वीस वर्षं तो माणूस कधी चुकला नव्हता, असं हेनिंगनं लिहिलं होतं. तुम्हा दोघांपैकी कुणाला काही दिसलं असेल तर कळवा, त्याचं काम त्याला परत देईन.

"मी लिवून टाकलंय," विक्रम म्हणाला. "आमाला दोघांना बी काय दिसलं न्हाय म्हणून. तुमचं बी नाव घातलंय आप्पा. चालतंय न्हवं?"

"व्हय," रवळू म्हणाला.

पानावर पाय पडला तेव्हा विचाराला सवड नव्हती, असं तरी म्हणता येत होतं. ह्या 'व्हय'ला तेवढीही सवलत नव्हती. वखारीच्या थंडगार सावलीत, खुर्चीवर बसून, चहा पिता पिता त्यानं एका माणसाचं नाव मातीत घातलं होतं. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. जयाबाई विचारी, "काय दुखतंय काय वो?" तो म्हणे, "कुठं काय."

पावसाळा सरला तसं कणकुंबीहून बोलवणं आलं, आणि हे खरंखुरं होतं. जंगल खात्यानं नवीन राखणदार घेतले होते, त्यांना माग ओळखायला शिकवायचं होतं. साहेबांनी गळ्यात हार घातला, हे आफ्रिकेला जाऊन आलेले आहेत म्हणून ओळख करून दिली. वीस-पंचवीस गडी वह्या उघडून बसले. रवळूनं खूर सांगितले, लेंड्या सांगितल्या. मग एकानं विचारलं, "आप्पा, रक्त दिसलं तर पयलं काय करायचं?"

उत्तर सोपं होतं. तिथं काडी रोवायची, पाय पडू द्यायचा नाही, आणि सगळ्यांना हाक मारायची. रवळूची नजर स्वतःच्या टाचेकडं गेली. गडी वहीवर पेन टेकवून वाट बघत होते. त्यानं हार काढून टेबलावर ठेवला, "मला बरं वाटंना झालंय," म्हणाला आणि रस्त्यावर येऊन बेळगावची बस धरली.

वाटेत पिरनवाडीला त्याची मुलगी माधवी राहते, शाळेत इंग्रजी शिकवते. रवळू तिच्या स्वयंपाकघरात खाली बसला आणि सगळं सांगितलं. थेंब, टाच, उघडे पंजे, 'व्हय'. मुलीसमोर मान खाली घालायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. हे सगळं हेनिंगला इंग्रजीत लिहून कळव, म्हणाला. माधवीनं एवढंच विचारलं, "विक्रमदादांचं नाव घालू?"

"गोळी कुणाची ते त्यास्नी ठावं हाय. पाय माझा हुता. माझंच घाल."

"मालक काय म्हणतील आप्पा?"

"काय बी म्हणू देत. आता कुणाच्या मानंकडं बघायचं न्हाय मला."

पत्र जेमतेम सहा ओळींचं झालं. रवळूनं ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग धाडायला सांगितलं. रवळू तिच्याकडंच राहिला, चार दिवसांनी उत्तर आलं. माधवी ते मराठीत करून सांगू लागली, आणि रवळू भिंतीला टेकून ऐकू लागला.

हेनिंगनं लिहिलं होतं की टोमास सोमवारपासून परत मागावर जाईल. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याला नवल वाटलं नाही. तो जे बोलला ते तसंच लिहितो. तो म्हणाला, 'मला त्याच दिवशी कळलं होतं. मन मानेना म्हणून दुपारी मी एकटा परत गेलो. पानाच्या जागी टाच दोनदा फिरलेली दिसली. तिथून पुढं अंधार पडेपर्यंत माग काढला, तो खडकावर हरवला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण पाहुण्याला खोटं पाडावं लागलं असतं. रात्री शेकोटीपाशी त्याच्यासमोर बसलो. म्हटलं, हा आपल्यातलाच माणूस आहे, आता सांगेल, मग सांगेल. विस्तव विझेपर्यंत बसलो. सकाळी दोघं मिळून गेलो असतो तर ती सापडली असती.'

माधवीनं मोबाईल खाली ठेवला. "त्यांचं काम मिळालं की परत. झालं आप्पा आता. नका मनाला लावून घेऊ."

"शेवटाला काय म्हणलाय?" रवळूनं विचारलं. "परत वाच."

तिनं परत वाचलं. सकाळी दोघं मिळून गेलो असतो तर ती सापडली असती.

तिसऱ्यांदा त्यानं वाचायला सांगितलं नाही. तेवढं वाक्य त्याला पाठ झालं होतं.